डाव्या डोळ्याची संमती

॥ श्री ॥

फैजपूर,
९ जानेवारी १९९६

चि. कुमुद हिस आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर पाहून हसू नकोस. कागदावर लाकडी पट्टी ठेवते, तिच्या कडेकडेने एक ओळ लिहिते आणि मग पट्टी बोटभर खाली सरकवते. तरी ओळी तिरप्या जातातच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे तुला ठाऊक आहे. आता तो पिकला यावर सगळ्यांचं एकमत झालं आहे. सगळ्यांचं म्हणजे तुझ्या आबांचं, वरणगावच्या फॅक्टरीतून सुट्टीला येणाऱ्या आमच्या सुकदेवचं आणि जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं. माझं मत घ्यायचं राहून गेलं.

मागच्या आठवड्यात मला जळगावला नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले आणि मान हलवली. बाहेर आल्यावर तिथल्या बाईंनी विचारलं की पेशंटच्या घरचं कोण आलंय. नवरा म्हणून तुझे आबा उठले, एका कागदावर सही करून आले आणि आम्ही एसटी पकडली. सावद्याच्या बाईला खिडकीची जागा मिळाली म्हणून मी तिच्याशी भांडत होते, तेवढ्यात हे सहज बोलून गेले की दोन्ही डोळ्यांचं ठरवून आलो, एक फेब्रुवारीत, दुसरा मार्चात. लग्न झाल्यापासून घरातली प्रत्येक सही त्यांनीच केली, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं, पण डोळे माझे आहेत गं.

तुला खरं सांगते, कुणाला बोलू नकोस. मला हे धुकं आवडायला लागलं आहे. दिवा लावला की त्याच्याभोवती रंगांचं खळं पडतं. चंद्र एक नसतो, तीन-चार असतात आणि एकमेकांत मिसळतात. सातपुडा आमच्या बागेच्या कुंपणापर्यंत चालत येतो. सगळ्या जगावर कुणी तरी पातळ तूप ओतल्यासारखा पिवळसर रंग आहे. आणि संध्याकाळी केळीच्या बागेतून खांद्यावर टॉवेल टाकून तुझे आबा येतात ना, तेव्हा ते तिशीतले दिसतात. सुरकुती नाही, दाढीचे खुंट नाहीत, कपाळाला आठी नाही. मला पहिल्यांदा पाहायला सायकलवरून आले होते तसेच. रोज संध्याकाळी मी ओट्यावर बसून त्यांची वाट पाहते. या वयात असं काही लिहायला लाज वाटते, पण वाट पाहते.

दूध उतू जातं हे खरं. गेल्या सोमवारी पाटात पाय गेला हेही खरं. तरी मला विचारायचं आहे की सही त्यांची आणि डोळे माझे असतील तर कायदा काय म्हणतो. तू धुळ्याच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहतेस ते कशासाठी? उत्तर मोठ्या अक्षरात लिही. लग्नाचं काही जमत असेल तर तेही मोठ्या अक्षरातच लिही.

आत्यावर आहे तेवढी माया राहू दे.
तुझी,
तानुआत्या

—

॥ श्री ॥

धुळे,
१७ जानेवारी १९९६

ती. सौ. आत्यास, सा. न. वि. वि.

हे पत्र काळ्या स्केचपेनने लिहिते आहे, त्यामुळे अर्धा दस्ता कागद लागणार. माझ्या घरमालकीण प्रमिलाबाई डोकावून गेल्या आणि म्हणाल्या की पोरी, तुन्हं बठ्ठं येगळंच शे, सगळंच येगळं, एवढ्या मोठ्या अक्षरात कुणाला दम देतेस. त्यांना सांगितलं की दम नाही, आत्याला प्रेमपत्र आहे.

आता कायदा. तो सांगायला फार सोपा आहे. माणूस सज्ञान असेल, शुद्धीवर असेल आणि डोकं ठिकाणावर असेल, तर त्याच्या अंगाला हात लावण्याआधी डॉक्टरने त्यालाच विचारलं पाहिजे. नवऱ्याची सही चालत नाही, मुलाची चालत नाही. लहान मूल असेल तर आईबाप सही करतात. माणूस बेशुद्ध असेल आणि जीव जायची वेळ असेल तर डॉक्टर कुणासाठी थांबत नाही. तू यांपैकी कशातच बसत नाहीस. डोकं ठिकाणावर असण्याबद्दल आबांचं म्हणणं वेगळं असेल, पण कोर्ट तुझ्या बाजूने आहे.

दुसरं असं की सही म्हणजे संमती नव्हे. संमती आधी असते, कागद नंतर येतो. काय करणार, कशासाठी करणार, त्यात धोका काय, दुसरा मार्ग आहे का आणि केलंच नाही तर काय होईल, हे सगळं डॉक्टरने तुला कळेल अशा भाषेत सांगायचं असतं. तुला हवं तेवढं विचारता येतं. होकार जेवढा दिलास तेवढाच धरायचा असतो आणि दिलेला होकार परतही घेता येतो.

डॉक्टरांवर रागावू नकोस. गेल्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टरही ग्राहक कायद्याखाली येतात. तेव्हापासून आमच्या कोर्टाच्या चहाच्या टपरीवर वकील खूश आहेत आणि गावोगावचे डॉक्टर घाबरून मिळेल त्याची सही गोळा करताहेत. बिचाऱ्यांना वाटतं की कागद असला की झालं.

पण आत्या, एक गोष्ट कायद्यात नाही म्हणून मी लिहिते. कायदा तुला नाही म्हणू देतो. नाही म्हटल्यावर जे होईल ते तो भोगायला येत नाही. मोतीबिंदू फार पिकू दिला तर डोळा दुखून कायमचा जाऊ शकतो असं मी ऐकलं आहे. हे डॉक्टरांना विचार. मग जे ठरवशील ते तुझं.

तुझं धुकं वाचल्यापासून मी पांझरेच्या पुलावरून जाताना डोळे किलकिले करून चालते. परवा एका सायकलवाल्याने शिव्या दिल्या. तिशीतलं कुणी दिसलं नाही.

आशीर्वादाचा हात डोक्यावरून काढू नकोस.
तुझी,
कुमुद

—

॥ श्री ॥

वरणगाव,
२५ जानेवारी १९९६

चि. कुमुद हिस, अनेक आशीर्वाद.

तू आमच्या घरात जो कायदा लागू केलास त्याबद्दल अभिनंदन. रविवारी भरीत-भाकरीचं ताट समोर होतं आणि मायने जाहीर केलं की तिच्या अंगाला हात लावण्याआधी तिला विचारलं पाहिजे. आबांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी एवढंच विचारलं की माही सही आता चालत नाही का. विजेच्या मीटरला चालते, सोसायटीला चालते, सुकदेवच्या शाळेच्या दाखल्याला चालली, बायकोच्या डोळ्याला चालत नाही. मग ताट सरकवून बागेत निघून गेले. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तेव्हापासून ते धड जेवत नाहीत असं माय सांगते. रुसवा बराच लांबलेला दिसतो.

तू दूर आहेस, तुला पाट दिसत नाही. त्या सोमवारी माय पडली तेव्हा पाण्यात दगड होता. हातभर इकडे पडली असती तर मी आज हे पत्र लिहिलं नसतं. तिच्या डोळ्यांची चैन तिने सांगितली नाही तरी मला कळते, कारण मी तिचाच मुलगा आहे. पण आंधळी माय आणि म्हातारे आबा त्या मळ्यात दोघेच, ही कल्पना मला सहन होत नाही. नोकरी सोडून मी येऊ शकत नाही. तेव्हा कायदा शिकवलास तसं आता थोडं शहाणपणही शिकव.

राग मानू नकोस. उन्हाळ्यात येशील तेव्हा शेवभाजीवर भांडू.
तुझा,
सुकदेवभाऊ

—

॥ श्री ॥

फैजपूर,
२७ फेब्रुवारी १९९६

चि. कुमुद हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र पट्टीशिवाय लिहिते आहे. यावरून ओळख.

डॉक्टरांसमोर बसले आणि तू लिहिलेलं एकामागून एक विचारलं. आधी ते घड्याळ पाहत होते. मग त्यांनी स्टूल ओढलं, औषध कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठीवर डोळ्याचं चित्र काढलं आणि सगळं समजावलं. तू ऐकलंस ते खरंच आहे, फार थांबलं तर डोळा जातो. मी विचारलं की दोन्ही आत्ताच करायला हवेत का. ते म्हणाले की एक आता करू, दुसरा काही महिने थांबला तर चालेल, पण मधूनमधून दाखवत राहावं लागेल. मी सांगितलं की मग उजवा करा. डावा माझा मला राहू द्या. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही, आणि तेही सांगावं लागत नाही असं मी धरून चालले. शेवटी त्यांनी हळूच विचारलं की कोर्टात कुणी आहे का तुमचं. धुळ्याला भाची वकील आहे म्हटल्यावर चहा मागवला.

जुना कागद त्यांनी फाडला. नव्यावर मी स्वतः लिहिलं, फक्त उजवा डोळा, आणि खाली सही केली. सही ओळीवर यावी म्हणून पट्टी तुझ्या आबांनी धरली होती. पट्टी जराही हलू दिली नाही.

ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी सोडली त्या सकाळी पहिल्यांदा भिंत दिसली. पांढरं इतकं पांढरं असतं हे मी विसरलेच होते. मग निळी बादली दिसली, सिस्टरच्या टोपीची पिन दिसली. मग आबांकडे पाहिलं. ते म्हातारे दिसतील याची मी तयारी ठेवली होती. तसे दिसलेच, त्याचं काही नाही. पण त्यांचे डोळे पिवळे होते कुमुद. मला वाटलं माझं जुनं धुकं अजून थोडं शिल्लक आहे. पुन्हा भिंतीकडे पाहिलं, ती पांढरीच होती. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. हळदीचं बोट लावल्यासारखे डोळे, गळ्याची हाडं वर आलेली, सदरा अंगावर लोंबतोय. उजवा डोळा झाकून पाहिलं तर डाव्यात ते तिशीतलेच होते.

सगळ्यांनी त्यांना रोज पाहिलं म्हणून कुणाला दिसलं नाही. आणि मी तर पाहतच नव्हते. जेवत नाहीत तो सहीचा रुसवा आहे असं धरून मी त्यांना टोमणे मारत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, ऊन बाधलं असेल. फेब्रुवारीत कसलं ऊन बाधतं? सुकदेवला फोन करून बोलावलं आहे. तो त्यांना जळगावला पोटाच्या डॉक्टरांकडे नेईल.

माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी देवापुढे एक दिवा लाव.
तुझी,
तानुआत्या

—

॥ श्री ॥

वरणगाव,
२१ मार्च १९९६

चि. कुमुद हिस अनेक आशीर्वाद.

मन घट्ट करून वाच. आबांच्या सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि मला एकट्याला आत बोलावलं. स्वादुपिंडात गाठ आहे. चांगली नाही. मुंबईला मोठं ऑपरेशन होऊ शकतं. त्यातून उठतील का, आणि उठले तर किती दिवस मिळतील, याची खात्री डॉक्टर देत नाहीत. केलं नाही तर पुढची दिवाळी दिसायची नाही.

मी बाहेर आलो तर आबा बाकावर बसून एका परक्या बाईच्या बाळाला किल्ल्या वाजवून दाखवत होते. मला विचारलं की काय म्हणाले. मी सांगितलं की पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, मुंबईला काढू. ते हो म्हणाले. इतक्या सहज हो म्हणाले की मी मुतारीत जाऊन रडलो.

मुंबईच्या डॉक्टरांची तारीख मिळाली आहे. जळगावच्या दवाखान्याने त्या ऑपरेशनच्या संमतीचा एक कागद दिला आहे, त्यावर पत्नीची सही हवी. मायला सगळं खरं सांगितलं. ती गप्प आहे. कागद तिने पदराखाली ठेवला आहे आणि सही करत नाही.

तुला हात जोडून सांगतो, या वेळी तिला कायदा लिहू नकोस. डोळ्याची गोष्ट वेगळी होती. माणूस नाव ऐकूनच खचतो. आपल्याकडे असं कुणी पेशंटला सांगतं का? मला माझे आबा हवेत, बस.

तुझा,
सुकदेवभाऊ

—

॥ श्री ॥

धुळे,
२६ मार्च १९९६

ती. सुकदेवभाऊस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि कोर्टात गेले नाही. आत्याला मी लिहिणार नाही, तुझा शब्द पाळते. पण तुला तरी लिहू दे.

कायदा आबांसाठी बदलत नाही रे. आजार आधी त्यांचा आहे, मग आपला. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून विचारायला हवं होतं की कळून घ्यायचं आहे का आणि मुलाला सांगू का. कित्येक माणसं म्हणतात की मला नको, पोराला सांगा. तसं आबा म्हणाले असते तर तू सांभाळलंस ते बरोबर होतं. पण त्यांना कुणी विचारलंच नाही. ते हो म्हणाले ते खड्यांना. मुंबईत त्यांचं पोट उघडलं आणि ते टेबलावरून उठले नाहीत, तर त्यांनी होकार कशाला दिला होता? आणि आत्याने सही केली तर ती कशाची सही असेल?

इथे धुळ्यात पंख्याखाली बसून हे लिहायला काही लागत नाही हे मला कळतं. तू त्या बाकासमोर उभा होतास, मी नव्हते. तुझ्या जागी मीही कदाचित खडेच म्हटलं असतं. तू वाईट वागलास असं मला एक क्षणही वाटत नाही. पण मला विचारलंस म्हणून जे खरं आहे ते लिहिलं. आता हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल.

तुझ्या जवळ बसायला हवं होतं असं वाटतं.
तुझी,
कुमुद

—

॥ श्री ॥

फैजपूर,
१४ एप्रिल १९९६

चि. कुमुद हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र सुकदेवने फाडलं नाही. सुट्टीला आला तेव्हा माझ्या हातात दिलं आणि बागेकडे निघून गेला. मला ते वाचायची गरज नव्हती. मी का गप्प होते ते मलाच ठाऊक. मला ती सही करायची होती. तुला वाटेल की आत्या आता शहाणी झाली, पण तसं काही नाही. त्यांना न विचारता, हाताला धरून, खोटं सांगून, कसंही मुंबईला न्यावं असंच मला वाटत होतं. चार दिवस तो कागद मी घेऊन फिरले. तू शिकवलेलं सगळं मला त्या दिवसांत कडू लागलं. स्वतःच्या डोळ्यासाठी किती ताठ बसले होते मी.

शेवटी ज्या दिवशी सही करायला बसले त्या दिवशी सवयीने पट्टी शोधली, आणि ती कुठे ठेवली ते त्यांनाच विचारलं. ते म्हणाले की आता तुला पट्टी कशाला हवी. मग माझ्याने राहवलं नाही. त्यांच्याशेजारी बसले आणि विचारलं की डॉक्टर जे बोलले ते बठ्ठं ऐकायचं आहे का, की सुकदेवने सांगितलं तेवढ्यावर भागवायचं. त्यांनी बागेकडे पाहिलं. पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. म्हणाले की खड्यांसाठी पोरगा असा रडत नाही. सांग.

मी सांगितलं. गाठ म्हटलं, ऑपरेशन म्हटलं, दिवाळीचंही सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी नीट प्रश्न विचारले, माझ्यापेक्षा नीट. मुंबईत किती दिवस पडून राहावं लागेल, शुद्ध राहील का, घरी परत येण्याची आशा किती. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं बोलले. बाकीचं सुकदेव त्यांना जळगावला घेऊन गेला तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाच सांगितलं, आणि या वेळी बाहेरच्या बाकावर सुकदेव बसला.

ते नाही म्हणाले गं. दुखणं कमी करायची औषधं घेईन, कावीळ फार चढली तर तेवढ्यापुरतं काय करता येईल ते करा, पण मुंबई नको. बाग सोडून, छताकडे बघत, नळ्या लावून जायचं नाही. त्यांनी स्वतः कागदावर लिहून दिलं. मी रडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. सुकदेवही पाया पडला. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि नाहीच म्हणाले. त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे हे या घरात मीच सगळ्यात मोठ्याने सांगितलं होतं, त्यामुळे मला तोंड राहिलं नाही. मी त्यांचं ऐकलं ते मनापासून ऐकलं असं लिहिणार नाही. अजून पहाटे जाग आली की पहिला विचार मुंबईचाच येतो.

आता दिवस विचित्र गोड चालले आहेत. उन्हं उतरली की दोघं ओट्यावर बसतो. ते मला रंग विचारतात. मी सांगते की कोणत्या घडाला पिवळी झाक आली, सातपुड्यावर कुठे वणवा लागला आहे, भारद्वाजाचे पंख कसे वीटकरी आहेत. परवा त्यांनी विचारलं की डावा डोळा का ठेवला होतास. आता लाजून काय करायचं, सांगून टाकलं. इतके हसले की खोकला आला. मग म्हणाले की बघ मग, झाक उजवा आणि बघ. मी उजव्यावर हात धरला. समोर तो सायकलवाला होता, गोरागोमटा, नाक-डोळे काही नसलेला. मी हात लगेच काढला. मला तो कुणी परका वाटला.

म्हणून हे पत्र. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना आजच कार्ड टाकलं आहे की डाव्याचीही लवकरची तारीख द्या, उन्हाळा असला तरी थांबत नाही. धोका काय ते मला ठाऊक आहे, कुणी मागे लागलेलं नाही, सही माझी मी करणार. माझ्याजवळ आता थोडे महिने आहेत. या पिवळ्या, वाळलेल्या, हट्टी म्हाताऱ्याला मला दोन्ही डोळ्यांनी बघायचं आहे.

कोर्टाला सुट्टी लागली की ये. यांना तुझ्याशी सह्यांवरून भांडायचं आहे, आणि ते भांडण मला बघायचं आहे.

तुझीच,
तानुआत्या